कोरांटीची बारा झुडपं

कोरांटीच्या फांद्यांना दगड बांधल्याबद्दल मला सोसायटीची नोटीस आली, तेव्हा आमच्या ह्यांनी ती तीनदा वाचली आणि म्हणाले, "नोटीस रास्त आहे." एकतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरी केलेला माणूस. छापलेल्या कागदावर त्यांचा पटकन विश्वास बसतो. मी ती एकदाच वाचली, पण शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली. मी बावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली. उशिरा शिकलेल्या माणसाला वाचताना मधलं काही सोडून द्यायची सवय नसते. लहानपणी शिकलेले लोक अर्धं वाचतात आणि उरलेलं आपल्या मनाचं धरतात. पुढे जे रामायण झालं ते निम्मं ह्या फरकामुळे झालं. निम्मं मंगलामुळे.

पण दगड का बांधले ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही सोसायटीसारखंच काहीतरी समजाल.

आमची सून भाग्यश्री कॉलेज रोडला पुष्परचनेच्या क्लासला जायची. दर बुधवारी. तिथून ती एक पितळी चकती घेऊन आली, तिच्यावर उभे खिळे. त्या खिळ्यांत फांदी खुपसायची आणि लांबून बघायचं, ही पुष्परचना. हे एकदा अंधारात त्या चकतीवर बसले, तेव्हापासून आमच्या घरात कलेला फारसा मान राहिला नाही. पण तो विषय वेगळा.

एका बुधवारी भाग्यश्रीला कुंडी उचलवेना, म्हणून मी बरोबर गेले. क्लासच्या बाई वत्सलाताई, स्वभावाने गोड. गोड माणसांचं बोलणं जास्त लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या मला म्हणाल्या, "मावशी, ती फांदी द्या जरा. नाही, ही सरळ आहे. वाकडी द्या, वाकडी."

मी म्हटलं, "वाकडी फांदी आम्ही गुरांपुढे टाकतो."

सगळ्या बायका हसल्या. वत्सलाताईही हसल्या. मी फुलबाजारात बसायचे हे त्यांना सुनेने सांगितलेलं. म्हणाल्या, "मावशी, फुलं विकणं वेगळं आणि मांडणं वेगळं. हार-गजऱ्यातलं माणूस फांदीकडे कधी बघतच नाही हो."

त्या खोटं बोलल्या असत्या तर मी तिथेच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ते खरं होतं. माझं माहेर मळ्यातलं, सासर मळ्यातलं. हे प्रेसमध्ये आणि मी धाकट्या दिराच्या मळ्यातली फुलं घेऊन फुलबाजारात, अशी आमची तीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत लाखांनी फुलं ह्या बोटांतून गेली असतील, पण फांदीकडे बघितलं नव्हतं. फांदी म्हणजे फूल जिथून खुडायचं ती जागा. माणूस सासरी आलं की माहेरचा उंबरा कोण बघत बसतो?

भिंतीवर एक कागद लावलेला होता. बायकांची चहा-बिस्किटं होईपर्यंत मी तो वाचून काढला. जानेवारीत एका शाळेच्या सभागृहात पुष्पप्रदर्शन. विभाग तिसरा: घरी वाढवलेल्या झुडपांची रचना. झुडपं स्पर्धकाने स्वतः लावून वाढवलेली असावीत. वयाची अट नाही. शिक्षणाची अट नाही. रचनेपुढे स्पर्धकाच्या नावाचं कार्ड राहील.

मी म्हटलं, "ताई, मला ह्याचा फॉर्म पाहिजे."

"सूनबाईंसाठी ना?"

"नाही. धोंडाबाई गोटीराम विधाते यांच्यासाठी."

"त्या कोण?"

"मीच ती."

पुन्हा बायका हसल्या. ते हसू मी पदरात बांधून घरी आणलं. जिथे विकणारी आणि मांडणारी अशी दोन जातींची माणसं आहेत असं सांगितलं गेलं, तिथल्याच टेबलावर माझ्या नावाचं कार्ड लागलं पाहिजे, एवढं एकच मनाशी धरलं. बक्षीस गेलं उडत.

ही गोष्ट दोन हजार दोनच्या जूनची. आमच्या घरापुढे कंपाउंड आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये तीन फूट रुंदीची एक पट्टी होती. तिथे विटांचे तुकडे, फुटका कमोड आणि कोणाचंही नसलेलं एक कुत्रं, एवढाच ऐवज होता. मी विटा काढल्या, कमोड भंगारवाल्याला दिला, कुत्र्याला सरकवलं आणि मळ्यातून पांढऱ्या-जांभळ्या कोरांटीच्या काड्या आणून बारा झुडपं लावली. कोरांटीच का? कारण कोरांटी माणसाकडून काही मागत नाही आणि थंडीत भरभरून फुलते.

पण आमच्या कॉलनीतल्या लोकांना सल्ला दिल्याशिवाय झुडपाजवळून जाता येत नाही. कोणी म्हणालं चहाचा चोथा घाला, कोणी म्हणालं ताक घाला. तीन नंबरच्या बंगल्यातल्या आजोबांनी तंबाखूचं पाणी सुचवलं आणि तंबाखू मात्र माझ्याकडे मागितली. जन्म मळ्यात गेलेल्या बाईला खत कसं घालावं हे सांगायला ज्यांच्या गॅलरीत मनीप्लँटसुद्धा पिवळा पडतो अशी माणसं पुढे होती. मी सगळ्यांना "बरं" म्हणत गेले. "बरं" म्हटलं की माणूस समाधानाने निघून जातो आणि झाड जगतं.

पहिल्या वर्षी झुडपं गुडघ्याएवढी झाली, म्हणून तो जानेवारी जाऊ दिला. दुसऱ्या वर्षी ती कमरेला लागली. आता फांद्या वाकड्या करायच्या होत्या. भाग्यश्रीने वहीत काढून दाखवलं होतं: एक फांदी आभाळाकडे, एक माणसाकडे, एक जमिनीकडे. माझी कोरांटी मात्र परेडला उभी राहिल्यासारखी सरळ. मग मी जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडल्या, त्यांत बेताचे दगड बांधले आणि हव्या त्या फांद्यांना टांगले. वजनाने फांदी हळूहळू वळते. पडवळ सरळ यावं म्हणून आम्ही त्याला दगड बांधतोच. इथे वाकडं व्हावं म्हणून बांधला, एवढाच फरक.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर एका झुडपाला हळदकुंकू. पाचव्या दिवशी दोन लिंबं. आठवड्याने एक अनोळखी बाई अनवाणी कोरांटीला फेऱ्या घालत होती. मी विचारलं, "बाई, काय चाललंय?"

ती म्हणाली, "मुलाच्या नोकरीसाठी. किती फेऱ्या असतात हो इथे?"

मी म्हटलं, "अहो, हे फांद्या वाकवायला बांधलंय."

"असू द्या, असू द्या," ती हात जोडून म्हणाली. "उघड सांगायचं नसतं, मला माहीत आहे."

आता सोसायटीचे सेक्रेटरी जीवनराव यांच्याबद्दल सांगायला हवं. माणूस शिकलेला, निवृत्त, अंघोळ करून पहाटे साडेपाचला हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन फिरायला निघणारा. फिरायला म्हणजे लोकांच्या झाडांवरून फिरायला. देवासाठी दुसऱ्याच्या दारातलं फूल तोडलं तर ती चोरी नव्हे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. देवाला ती कोणी विचारून घेतली होती का, ते कळत नाही. जीवनरावांच्या देवघरात एकूण बावीस देव होते, हे ते अभिमानाने सांगायचे. माझ्या झुडपाला फूल आलं की त्या बावीस जणांना आधी कळायचं.

मी एकदा त्यांना रंगेहाथ धरलं. "जीवनराव, काय हे?"

"धोंडाबाई, देवाचं काम आहे. पुण्य तुम्हालाही लागेल."

"मग पाणी घालायचं पुण्य तुम्ही घ्या, अन् फुलांचं मी घेते."

त्यांना ते आवडलं नाही. दगड-लिंबांच्या दिवसांत ते घाबरून झुडपांपासून लांब राहिले. बावीस देव तीन आठवडे दुर्वांवर होते. बहुधा त्याचाच राग म्हणून मला ती नोटीस आली.

नोटीशीत लिहिलं होतं: "आपण संस्थेच्या सामाईक जागेत आपल्या मालकीची कोरांटीची बारा झुडपे विनापरवाना लावून, गेले दीड वर्ष स्वतः वाढवली असून, त्यांना दगड बांधून अंधश्रद्धेस खतपाणी घालत आहात. ती पंधरा दिवसांत काढावीत." खाली सही आणि गोल शिक्का.

आमचे हे म्हणाले, "काढून टाकू. उगाच भांडण कशाला? एकतीस वर्षांत मला एकही मेमो आला नाही, आणि तुला घरी बसून आला."

मी म्हटलं, "तुमची हौस राहिली असेल तर हा तुम्ही घ्या."

तरी मी दगड सोडले. भीतीने नाही, फांद्या वळून झाल्या होत्या म्हणून. पण ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. माघार घेतली असं जीवनरावांना वाटलं, ते त्यांचं सुख मी कशाला घालवू? पंधरा दिवसांनी विचारायला आले तेव्हा मी एवढंच म्हटलं, "दगड गेले. झुडपांचं लेखी उत्तर देते." लेखी म्हटल्यावर ते परत फिरले. लेखी उत्तराची वाट बघण्यात सोसायटीचं एक वर्ष सहज जातं.

तेवढ्यात डिसेंबर आला आणि फॉर्म भरायची वेळ झाली. फॉर्मला एक दाखला जोडायचा होता: झुडपं स्पर्धकाने स्वतः लावली व वाढवली आहेत, याबद्दल जबाबदार व्यक्तीचा, सही-शिक्क्यासह. मी एका कचेरीत गेले. तिथला साहेब म्हणाला, "पट्टी रस्त्याची का सोसायटीची, ते आधी आणा." दुसऱ्या कचेरीत नकाशा काढला. नकाशात आमचं घर होतं, रस्ता होता, पट्टी नव्हती. "अशी जागाच नाही," कारकून म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, मी दीड वर्ष तिला पाणी घालते." तो म्हणाला, "मग ते पाणी कुठे जातं ते पाणीवाल्यांना विचारा." तिसऱ्या ठिकाणी एकाने नवीनच प्रश्न काढला. "कोरांटी हे झाड का झुडूप? झाड असलं तर आमच्याकडे, झुडूप असलं तर आमच्याकडे नाही." मी विचारलं, "झुडूप असलं तर कोणाकडे?" त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "झुडपाकडे तसं कोणीच बघत नाही, मावशी."

हे वाक्य मी ह्याआधीही कुठेतरी ऐकलं होतं. मी तशीच रिक्षा करून घरी आले, पाणी प्यायले आणि कागदांच्या डब्यातून पुन्हा एकदा ती नोटीस काढली. शेवटपर्यंत वाचली. आणि माझ्या लक्षात आलं की ज्या दाखल्यासाठी मी तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या, तो माझ्या डब्यातच आहे. "आपल्या मालकीची कोरांटीची बारा झुडपे", "लावून", "स्वतः वाढवली असून". सही, शिक्का, जावक क्रमांकसुद्धा. नाशकात एवढा स्वच्छ दाखला कोणाला मिळाला नसेल.

मी नोटीस फॉर्मला टाचली आणि वत्सलाताईंकडे दिली. त्यांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "मावशी, ही तर तक्रार आहे."

"तक्रार आहे, पण खरी आहे. ह्यातलं काय खोटं आहे, सांगा."

त्यांनी फॉर्म ठेवून घेतला. मला वाटतं त्यांना पोच द्यायची नव्हती, पण मी पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

प्रदर्शन जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी होतं. संक्रांत नुकतीच झालेली, थंडी कडक आणि कोरांटी अशी फुललेली की रस्त्याने जाणाऱ्या सायकली थांबायच्या. काळजी एकच होती. कोरांटी आदल्या संध्याकाळी कापली तर माना टाकते. पहाटे उमलली की लगेच कापायची. आणि पहाटे जीवनराव. त्यात आमचा नळ पाच ते सहाच येतो आणि तो घराच्या मागे. पाणी सोडून फुलांवर पहारा ठेवावा तर घरात दिवसभर कोरडं.

म्हणून मी माझ्या जावेला, मंगलाला, मळ्यातून बोलावून घेतलं. मंगला माझ्याहून सहा वर्षांनी लहान. हाडाची माळीण. चाळीस वर्षं पहाटे चारला उठते. झोपेत असली तरी बोटं फूल खुडत असतात. शुक्रवारी रात्री जेवताना मी तिला नीट समजावून सांगितलं.

"मंगला, पहाटे पुढच्या दाराशी राहा. तो पिशवीवाला आला तर त्याच्या हाताला एक फूल लागता कामा नये."

"बाई, तुमी निवांत ऱ्हा," मंगला म्हणाली. "एक पाकळी नाय घावायची त्याला."

मी निवांत राहिले. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुका मी निवांत असतानाच केल्या आहेत.

सहाला नळ गेला. मी हात पुसत, कात्री घेऊन पुढच्या दारी आले. भाग्यश्री पायरीवर उभी होती, तोंडावर हात ठेवून. समोर बारा झुडपं. त्यांवर एकही फूल नव्हतं. कळीही नव्हती. हिरव्या फांद्या, वळवलेल्या, सुबक आणि निव्वळ बोडक्या. पलीकडे रस्त्यावर जीवनराव रिकामी पिशवी धरून उभे होते. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं दुःख मी आधी कधी बघितलं नव्हतं. क्षणभर मला ते आमचेच कोणी नातेवाईक वाटले.

आणि पायरीखाली मंगला, ओल्या फडक्याने झाकलेली पाटी घेऊन, विजयी.

"आला व्हता," ती म्हणाली. "पर त्याच्या आदी म्या समदी काढून घेतली. लय मोठ्या कळ्या व्हत्या त्याबी काढल्या, उद्या उमलून वाया गेल्या असत्या. बघा बाई, एक नाय सोडलं."

मी पायरीवर बसले. फूल दुसऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून काय करायचं, तर ते आधी आपण खुडायचं. पिढ्यान् पिढ्या आम्ही हेच केलं आहे. फांदी हवी आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं, कारण फांदी कोणाला हवी असते हे मलाही दीड वर्षापूर्वीच कळलं होतं.

भाग्यश्री म्हणाली, "आई, आता काय? नियम चारमध्ये फुलं देठासह असावीत असं आहे. नाव मागे घ्या. पुढच्या वर्षी बघू."

हे आतून म्हणाले, "मी म्हणतच होतो." ते काहीही म्हणत नव्हते.

मंगलाला तोपर्यंत आपलं काहीतरी चुकलं आहे हे उमगलं होतं. ती पाटीवरचं फडकं पुन्हा पुन्हा नीट करत होती. "बाई, शिव्या घाला हव्या तर. पर तोंड असं करू नका."

मी शिव्या घातल्या. थोड्या नाही, चांगल्या मळ्यातल्या घातल्या. मग उठले, कात्री घेतली आणि सगळ्यांत चांगल्या वळलेल्या तीन फांद्या तिरक्या कापल्या. एक आभाळाकडे, एक माणसाकडे, एक जमिनीकडे.

"पाटी उचल," मी मंगलाला म्हटलं. "तू पण चल."

"म्या कशापायी?"

"पाटी कोण धरणार? जीवनराव?"

सभागृहात सत्तर-ऐंशी टेबलं मांडलेली. गुलाब, लिली, नावं माहीत नसलेली परदेशी पानं. प्रत्येक टेबलाशी बाई, प्रत्येक बाईच्या अंगावर शाल. माझ्या टेबलावर पांढऱ्या कार्डावर लिहिलेलं होतं: धोंडाबाई गोटीराम विधाते, विभाग ३. ते मी दोनदा वाचलं. मग घरची पितळी परात मांडली, मध्ये खिळ्यांची चकती, तिच्यात तीन बोडक्या फांद्या. परातीत पाणी ओतलं आणि पाटीतली सगळी फुलं त्या पाण्यावर सोडली. पांढरी आणि जांभळी, परात काठोकाठ. वर एकही फूल नाही, खाली पाणी दिसत नाही.

नऊ वाजून पाच मिनिटांनी एक फूल काठावर आलं म्हणून मंगलाने बोट लावलं, तर छातीवर बिल्ला लावलेली एक मुलगी धावत आली. "आजी, हात नाही लावायचा! नियम सात. नऊनंतर मांडलेल्या रचनेला कोणीही हात लावायचा नाही, उद्या संध्याकाळपर्यंत."

"आमचीच फुलं हायती," मंगला म्हणाली.

"तुमची असली तरी. आयोजकांनीसुद्धा नाही."

साडेनऊला परीक्षक आले, पुण्याचे दोघं. बरोबर वत्सलाताई. एक परीक्षक वाकून म्हणाले, "फुलं देठासह हवीत. देठ कुठे आहेत?"

"वर आहेत," मी म्हटलं.

"आणि फुलं?"

"खाली आहेत. नियम चारमध्ये देठासह असावीत एवढंच लिहिलंय. एकमेकांना जोडलेली असावीत असं नाही. मी पूर्ण वाचलाय."

दुसरे परीक्षक हसू दाबायला खोकले. वत्सलाताई मात्र हळहळल्या. "अरेरे, मावशी, काय सुंदर फांद्या वळवल्या होत्या! हे असं कुणी ओरबाडलं?"

मंगला खांबाआड सरकली. सकाळपासून तिला शिव्या घालणारी मी. पण ओरबाडलं हा शब्द मला सहन झाला नाही. तीन फुटांची पट्टी, अंधार, थंडी आणि साठीच्या बाईने खुडलेलं हजारभर फूल.

"ओरबाडलं नाही, खुडलंय," मी म्हटलं. "अन् मी खुडलंय. आमच्यात असंच खुडतात. ह्यातल्या एका पाकळीला नख लागलेलं दाखवा, मी आत्ता नाव मागे घेते."

पहिले परीक्षक खरोखर वाकून बघू लागले. बराच वेळ बघितलं. मग सरळ झाले आणि म्हणाले, "नख नाही लागलेलं." आणि कार्डावर लाल पट्टी चिकटवली: बाद.

बिल्लेवाली मुलगी हळूच म्हणाली, "आजी, बाद झालेली रचना प्रदर्शनात धरत नाहीत. तुम्ही नेऊ शकता."

"नेऊ शकते ना? मग सवडीने नेईन," मी म्हटलं आणि टेबलाशेजारच्या स्टुलावर बसले. येणारे लोक लाल पट्टी वाचत, मग माझ्याकडे बघत. मी त्यांच्याकडे बघत होते. नजर खाली करायचं कारण नव्हतं.

अकराला उद्घाटन होतं. पाहुणे मुंबईचे, मोठे अधिकारी. पावणेअकराला सभागृहात धावपळ सुरू झाली. हार आणायला गेलेला माणूस रिकामा परत आला होता. संक्रांत सरली होती, लग्नाच्या तिथी दाट होत्या, बाजारात हाराला फूल शिल्लक नव्हतं. ज्या सभागृहात नाशिक जिल्ह्यातली अर्धी फुलं मांडून ठेवली होती, तिथे पाहुण्यांच्या गळ्यात घालायला एक हार नव्हता, आणि नियम सातमुळे एकाही टेबलाला कोणी हात लावू शकत नव्हतं.

एक टेबल सोडून.

वत्सलाताई आल्या. बरोबर लाल पट्टी लावणारे परीक्षक आणि आयोजकांपैकी एक घामाघूम गृहस्थ. ताई म्हणाल्या, "मावशी, तुमची फुलं... म्हणजे हारासाठी तयारच आहेत, नाही का? ह्या ताई दहा मिनिटांत ओवतीलही."

"पाच मिण्टात," मंगला म्हणाली. मी तिचा पाय दाबला.

"रचना बाद आहे ना?" मी विचारलं.

"हो ना, म्हणूनच तर."

"मग ती प्रदर्शनाची नाही. माझी आहे. आणि माझी फुलं मला द्यायची नाहीत."

गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, पाहुणे खाली आलेत!"

"येऊ द्या. त्यांचं अन् माझं भांडण नाही."

ते तिघं बाजूला जाऊन कुजबुजले. घामाघूम गृहस्थ हातवारे करत होते. परीक्षक मान हलवत होते. मग घड्याळाकडे बघून थांबले. शेवटी परीक्षक स्वतः आले, वाकले आणि कार्डावरची लाल पट्टी नखाने सोलून काढली. "नियम चारबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरतो. रचना बाद नाही. झालं समाधान? आता फुलं घेऊ या."

गृहस्थांनी परातीकडे हात नेला.

"थांबा," मी म्हटलं. "आता बाद नाही म्हणता?"

"नाही, नाही."

"म्हणजे प्रदर्शनात आहे?"

"आहे हो!"

"मग नियम सात," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आयोजकांनीसुद्धा नाही. ह्या पोरीला विचारा."

बिल्लेवाली मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग मान हलवून "हो" म्हणाली.

गृहस्थांचा हात तसाच हवेत राहिला. वत्सलाताई माझ्याकडे, मग परातीकडे, मग वळलेल्या त्या तीन फांद्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रागावतील. त्या एकदम खुदकन हसल्या, तोंडाला पदर लावला आणि गृहस्थांना म्हणाल्या, "चला. नारळ आहे का बघा."

पाहुण्यांचं स्वागत नारळावर आणि शालीवर झालं. हाराशिवाय गळा फार उघडा दिसतो, हे मी धंद्यातली म्हणून सांगते.

दुपार झाली. फुलांच्या कडा आत वळू लागल्या. मंगला माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती, परातीवरून तिची नजर हलत नव्हती. तिच्या बोटांना सुईदोरा आठवत होता, ते मला दिसत होतं.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "उद्यापर्यंत समदी सुकून जातीन ही. हार केलं असतं तर कुनाच्या गळ्यात तरी गेली असती."

"सुकू दे," मी म्हटलं. "टेबलावर सुकू दे."